आयरिसच्या पायाशी काय लावावं? ग्राउंड कव्हर रोपांची जुलैतली परीक्षा

एप्रिल-मेमध्ये अमेरिकेतल्या कुठल्याही नर्सरीत शिरा, दारातच क्रीपिंग फ्लॉक्सचे ट्रे गुलाबी-जांभळ्या फुलांनी गच्च भरलेले असतात. नेमक्या त्याच दिवसांत घरचा आयरिसचा वाफा मधूनमधून उघडा-बोडका दिसत असतो. मग चार कुंड्या उचलल्या जातात, गड्ड्यांच्या मधल्या मातीत बसवल्या जातात, आणि पुढच्या वर्षी आयरिस कुजायला लागले की दोष पावसावर जातो. आयरिसजवळचं ग्राउंड कव्हर, म्हणजे जमिनीलगत पसरून माती झाकणारं रोप, मेमधल्या फुलावर निवडायचंच नसतं. जुलै-ऑगस्टच्या दमट उकाड्यात ते गड्ड्याशी कसं वागतं आणि तीन ते पाच वर्षांनी विभागणीसाठी गड्डे खणायच्या वेळी किती सहज निघतं, या दोनच गोष्टींवर खाली प्रत्येकाला पास किंवा नापास केलं आहे.

हिशेब न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट या पट्ट्याचा, म्हणजे हिवाळ्यातल्या किमान तापमानावरून अमेरिकेत पाडलेल्या झोनपैकी साधारण ६ आणि ७ क्रमांकाच्या झोनचा आहे. इथे मराठी घरं भरपूर, घरामागे अंगण, आणि मॉन्टक्लेअरची प्रेस्बी आयरिस बाग बघून आल्यावर ‘आपल्याकडेही हवेत’ असं वाटणारेही भरपूर. (ही बाग १९२७ पासूनची, बहर मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.) डेन्व्हर, कॅलिफोर्निया, टेक्सासवाल्यांसाठी जिथे गणित बदलतं तिथे तसं म्हटलं आहे.

आधी गड्डा

बिअर्डेड आयरिसचा, म्हणजे खालच्या पाकळ्यांवर दाढीसारखी लव असलेल्या आयरिसचा, गड्डा आल्यासारखा जमिनीलगत आडवा वाढतो. मुळं खालून जातात, पाठ वर उघडी राहते, आणि ती उघडीच राहायला हवी. दिवसाला किमान सहा तास ऊन आणि पाण्याचा झटपट निचरा या त्याच्या अटी. गड्डा पात्यांच्या पंख्याच्या दिशेने पुढे सरकतो आणि फुटवे बाजूंनी निघतात. मागचा जुना तुकडा पुन्हा फुलत नाही. त्यामुळे चारी बाजूंनी सारखी जागा सोडण्यात अर्थ नाही. पंख्याच्या पुढे २५ ते ३० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना १५, मागे १० पुरे. या रिकाम्या आळ्यात काहीही लावू नका. हवं तर ६ ते १० मिलिमीटरची खडी एकेरी थरात पसरा, गड्ड्याच्या पाठीवर मात्र तीही नको. झाडांच्या सालीचा भुगा, जो इथे सरसकट सगळ्या वाफ्यांत ओततात, तो बिअर्डेड आयरिसला विषासमान आहे.

हे आळं झाकलं गेलं की काय होतं ते ओळखायला शिका. आधी पंख्याच्या मधल्या पात्याचं टोक पिवळं पडतं. आठवड्याभरात पंखा एका बाजूला कलतो आणि हलकेच ओढला तर बुडापासून हातात येतो. गड्डा बोटाने दाबला तर साल टणक लागते, पण आतून पांढरट-पिवळा लगदा येतो आणि त्याची दुर्गंधी चुकवता येत नाही. ही जिवाणूंची मऊ कूज. ते जिवाणू मातीत असतातच. त्यांना फक्त जखम आणि ओल लागते. जखम बहुतेक वेळा खोडकिड्याची अळी करते, ओल झाकणाऱ्या रोपाखाली साठते. उपाय: गड्डा उचला, चमच्याने किंवा चाकूने लगदा घट्ट पांढरा भाग लागेपर्यंत खरवडून काढा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात बुडवून घ्या, एक-दोन दिवस उन्हात सुकवा आणि मग लावा. प्रत्येक कापानंतर चाकूही त्याच पाण्यात बुडवायचा.

क्रीपिंग थाइम: पास, पण जात बघून

बिअर्डेड आयरिससाठी पहिली निवड हीच. मुळं उथळ, खताची हाव नाही, आयरिसला चालते तीच किंचित चुनखडीची, कोरडी माती यालाही चालते, आणि हरणं सहसा तोंड लावत नाहीत. हरणांचं महत्त्व न्यू जर्सीत राहणाऱ्याला सांगायला नको.

‘एल्फिन’ ही जात दोन ते पाच सेंटिमीटरवर थांबते आणि फार सावकाश पसरते. आयरिसला तिचा त्रास शून्य, पण वाफा भरायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर तण तुम्हालाच काढायचं. ‘कोक्सिनियस’, म्हणजे लाल म्हणून विकलं जाणारं थाइम, पाच ते आठ सेंटिमीटर उंच होतं, एक रोप ३० ते ४५ सेंटिमीटर जागा धरतं आणि उंच बिअर्डेड संपता संपता, जूनमध्ये, गडद गुलाबी फुलतं. वाफ्यात नेमकी तेव्हाच पोकळी येते, म्हणून वेगाचा आणि रंगाचा मेळ घातला तर हीच सरस. लोकरी थाइम दिसायला सगळ्यात देखणं, करडं, मऊ. डेन्व्हरच्या कोरड्या हवेत जरूर लावा. पूर्व किनाऱ्यावर मात्र जुलैतल्या सततच्या दमटपणात त्याच्या पानांवरची लव ओल धरून ठेवते, मधूनच तपकिरी टक्कल पडतं आणि ते भरून येत नाही. इथे नापास.

ऑनलाइन मिळणाऱ्या बियांच्या पाकिटांपासून लांब राहा. निळ्याशार गालिच्याचे फोटो दाखवून विकल्या जाणाऱ्या त्या बियांतून असलं काही उगवत नाही. खरं बी असलं तरी बियांचं थाइम उंचीला एकसारखं येत नाही, आणि ‘एल्फिन’ तर बियांपासून आपल्या जातीवर जातच नाही. ते फाटे लावून वाढवलेलंच घ्यावं लागतं.

फुलं संपली की कात्रीने वरचा एक तृतीयांश भाग कापा. पानं नसलेल्या काष्ठापर्यंत कापलंत तर तिथून परत फूट येत नाही, हे लक्षात ठेवून.

सीडम: पास, एक सोडून

सगळ्यात सोपं आणि स्वस्त. मुळं इतकी वरवरची की हाताने चटई गुंडाळल्यासारखी निघतात; आयरिस विभागायच्या वर्षी याची खरी किंमत कळते. सीडम आल्बमचं ‘कोरल कार्पेट’ सात ते दहा सेंटिमीटर, थंडीत लालसर होतं. स्पुरियमचं ‘ड्रॅगन्स ब्लड’ १० ते १५ सेंटिमीटर, थोडं रुंद पानाचं. पिवळट ‘अँजेलिना’ जांभळ्या आयरिसखाली उठून दिसतं, पण काड्या ठिसूळ. चालताना पाय लागला की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा रुजतो.

हाच सीडमचा अवगुण. मोडकी काडी गड्ड्यांच्या फटीत पडते आणि तिथेच मूळ धरते. महिन्यातून एकदा आळ्यात बोटं फिरवून काढून टाकल्या की काम झालं, त्यासाठी खुरपंही लागत नाही. नापास फक्त सीडम आक्रे, आणि नर्सरीत बिननावाचं ‘पिवळं सीडम’ म्हणून जे मिळतं ते अनेकदा हेच असतं. ते आळ्यात थांबत नाही, गड्ड्यांवरून जातं आणि दोन वर्षांत सगळीकडे असतं. सार्मेंटोसम या जातीचंही तसंच.

क्रीपिंग फ्लॉक्स: फक्त कडेला

फ्लॉक्स सुबुलाटा हे मूळचं इकडचंच, पूर्व अमेरिकेतलं रोप, त्यामुळे टिकाऊपणाबद्दल शंका नाही. फुलण्याची वेळही बुटक्या बिअर्डेड आयरिसशी, एप्रिलच्या शेवटाशी, छान जुळते. भानगड त्याच्या बांध्यात आहे. वरून दिसते ती १०-१५ सेंटिमीटरची हिरवी चटई. खाली तीन-चार वर्षांत काष्ठ झालेल्या फांद्यांचं जाळं तयार होतं, आणि त्यात गळलेली पानं, ओल आणि गोगलगायी एकत्र नांदतात. एक रोप ५० ते ६० सेंटिमीटर पसरतं. गड्ड्यांच्या मध्ये लावलं तर दुसऱ्याच वर्षी गड्ड्यावर चढतं, आणि आयरिस उचलायची वेळ आली की फ्लॉक्स फाडल्याशिवाय कुदळ आत जात नाही.

म्हणून जागा ठरलेली: वाफ्याची बाहेरची कड, दगडी बांधावरून खाली लोंबेल अशी, जवळच्या गड्ड्यापासून किमान ४५ सेंटिमीटरवर. फुलं गेली की अर्ध्यापर्यंत छाटा. ससे याची कोवळी टोकं खातात, तेवढी एक छाटणी फुकट.

व्हेरॉनिका आणि आइस प्लांट

‘वॉटरपेरी ब्लू’ व्हेरॉनिका आयरिसवाल्यांच्या यादीत सहसा नसते आणि असायला हवी. १० ते १५ सेंटिमीटर, फांद्या पसरत जाऊन गाठी-गाठीवर रुजतात, पण मुळं बारीक आणि ढिली असल्याने हाताने उपटता येतात. फिकट निळी फुलं बुटक्या आयरिसच्या पिवळ्या-पांढऱ्या रंगांखाली शोभतात. तुर्कस्तानची लिवानेन्सिस जात आणखी बुटकी, कोरड्या जागेला जास्त योग्य. ‘जॉर्जिया ब्लू’ दणकट आहे, वर्षाकाठी दोनदा आवरावी लागते. आवरायची तयारी नसेल तर घेऊ नका.

डेलोस्पर्मा कूपेरी, म्हणजे आइस प्लांट, दक्षिण आफ्रिकेचं. जूनपासून थंडी पडेपर्यंत झगझगीत किरमिजी फुलं. कोलोराडोत बिअर्डेड आयरिसखाली याला तोड नाही. न्यू जर्सीत उन्हाळा निभावतो, मरतो तो हिवाळ्यातल्या गोठण-वितळणीच्या चिखलात. वाफा उंचावर असेल आणि वरच्या १५ सेंटिमीटर मातीत एक तृतीयांश भरड खडी असेल तरच पैसे घाला. कॅलिफोर्नियाच्या बे एरियात याच जागी डायमॉन्डिया चालतं. मात्र त्याची चटई इतकी घट्ट विणली जाते की आळ्याची कड दरवर्षी फावड्याने कापूनच ठेवावी लागते.

पहिल्या वर्षी हंगामी रोपंच लावा

गड्डे जुलै ते सप्टेंबरमध्ये लावले जातात. ओरेगॉनच्या सेलममधली श्रायनर्ससारखी जुनी आयरिस शेती उन्हाळ्यातच गड्डे पाठवते ते यासाठीच. नवा गड्डा किती पसरेल, फुटवे कुठे निघतील, हे वर्षभर तरी समजत नाही. त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात कायमचं रोप लावण्याची घाई करू नका. स्वीट अलिसमचं बी एप्रिलच्या शेवटी नुसतं भुरभुरून वर माती न टाकता दाबून द्या. मुळं उथळ, उंची १० सेंटिमीटर, नको तिथलं दोन बोटांनी निघतं.

त्याहून चांगला आपला चिनी गुलाब, घरोघरी ‘ऑफिस टाइम’ म्हणतात तो. इथे तो मॉस रोझ या नावाने मेपासून सहा-सहा रोपांच्या पॅकमध्ये मिळतो. भर उन्हात, कोरड्या मातीत, खताशिवाय वाढतो, आणि आयरिसला उन्हाळ्यात हवं तेवढंच पाणी त्यालाही पुरतं. पहिल्या कडक थंडीत मरतो, म्हणजे वाफा आपोआप मोकळा. त्याचीच चुलत बहीण घोळ तर न लावताच येते. वाफ्यात औषध मारलेलं नसेल तर उपटा, धुवा, भाजी करा. बी धरू देऊ नका.

इथले बरेच आयरिसवाले मार्च-एप्रिलमध्ये ट्रायफ्लुरॅलिनचे पिवळे दाणे टाकतात, तण उगवू नये म्हणून. ते टाकले असतील तर तीन महिने कुठलंही बी रुजणार नाही, आणि पसरत्या फांद्यांना गाठीतून मुळं फुटायलाही अडथळा होतो. दाणे टाकायचे की बी पेरायचं, एकच काय ते ठरवा.

बिअर्डेडजवळ नकोतच

व्हिंका मायनर सगळ्यात वाईट: लांब चिवट वेल, गड्ड्यांखालून-वरून जातो आणि एकदा बसला की आयरिस खणून काढल्याशिवाय निघत नाही. अजुगाला ओल लागते, म्हणजे एकाला जगवायचं तर दुसऱ्याला कुजवायचं. शिवाय दमट उन्हाळ्यात त्याचाच बुंधा कुजतो आणि भोवती पांढरी बुरशी धरते. पांढरं क्लोव्हर हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतं, आणि नायट्रोजनने आयरिसची पात लुसलुशीत, म्हणजे कुजायला तयार होते. सेरास्टियमची रुपेरी चटई पहिल्या वर्षी मोहात पाडते, तिसऱ्या वर्षी आयरिस शोधावे लागतात. लॅम्ब्स इअरची रुंद लोकरी पानं ओली पडून राहतात आणि खाली गोगलगायींचा तळ असतो. लावायचंच तर कमी फुलणारं ‘सिल्व्हर कार्पेट’, अर्धा मीटर लांब.

‘रोझान’ जिरेनियमबद्दल थोडं सांभाळून. रोप अप्रतिम, पण ऑगस्टपर्यंत एकेक रोप मीटरभर फांद्या टाकतं आणि नेमकं गड्ड्यांना ऊन हवं तेव्हा वर झोपतं. तीच गोष्ट ‘वॉकर्स लो’ नेपेटाची. उंची ६० सेंटिमीटरच्या पुढे जाते, ग्राउंड कव्हरच्या रांगेत विकतात म्हणून फसू नका.

सायबेरियन, जपानी, लुइझियाना: उलटा न्याय

वरचे बरेचसे निकाल इथे फिरतात. सायबेरियन आयरिसला ओल आवडते आणि वर आच्छादन चालतं, त्यामुळे बिअर्डेडला नापास झालेला अजुगा इथे बरा. त्याहून उत्तम ‘बिओकोव्हो’ जिरेनियम: १५ ते २५ सेंटिमीटर, उन्हातही आणि अर्ध्या सावलीतही, वर्षभर नीटनेटकं. सायबेरियनचा बुंधा दाट असल्याने रोप आत घुसत नाही, १५ सेंटिमीटर सोडले तरी पुरतं.

जपानी आयरिसला आम्लधर्मी माती हवी, सामू ५.५ ते ६.५. त्याच्याजवळ थाइमसाठी चुना टाकायची चूक करू नका. हाडांचा चुराही नको. पाण्याकाठी पिवळी क्रीपिंग जेनी सुंदर दिसते, पण ती वाहत्या ओढ्यालगत लावू नका. तुकडे वाहत जाऊन रुजतात आणि काही राज्यांत ती उपद्रवी वनस्पतींत मोडते.

लुइझियाना आयरिसचा गड्डा तर उन्हाने भाजतो; तो झाकायलाच हवा. टेक्सासमध्ये यासाठी फ्रॉगफ्रूट मिळतं. ही आपल्या ओढ्याकाठची जलपिंपळीच. सात-दहा सेंटिमीटर, इवली पांढरी फुलं, पाणी तुंबलं तरी चालतं. धावते मात्र भयंकर, वाफ्याला पक्की कड हवी.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी इतकंच: बिअर्डेड आयरिसला हिवाळ्यात खरी थंडी लागते, पुण्या-मुंबईत ते फुलवण्याच्या नादी लागू नका. तिथे नर्सरीत आयरिस म्हणून मिळतात ते अनेकदा डायटिस किंवा निओमारिका, आणि त्यांना गड्डा उघडा ठेवायचा नियम लागू नाही.

किती घ्यायची, कशी लावायची

एक मीटर बाय तीन मीटरचा वाफा, त्यात उंच बिअर्डेडचे पाच पुंजके नागमोडी रांगेत धरा. पुंजका आणि त्याचं आळं मिळून ६० सेंटिमीटर व्यासाची जागा, पाचांची मिळून साधारण १.४ चौरस मीटर. उरले १.६. थाइम २० सेंटिमीटरवर लावलं तर ४० रोपं, सीडम २५ सेंटिमीटरवर २६. एवढ्यासाठी ७२ घरांचा प्लग ट्रे घेऊ नका. त्यातली रोपं अंगठ्याएवढी असतात आणि उन्हात एका दिवसात सुकतात. ३२ किंवा ५० घरांचा ट्रे महाग वाटला तरी मरतुक कमी. चार इंची कुंडीतलं थाइम वसंतात धारदार चाकूने तीन-चार तुकड्यांत चिरता येतं. सीडमच्या तर पाच-सात सेंटिमीटरच्या काड्याच मोडून खोचा, दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात.

थाइम एप्रिलअखेर लावा, सीडम आणि व्हेरॉनिका सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालतील. त्याहून उशीर झाला तर गोठणारी जमीन रोपांना वर ढकलते आणि मार्चमध्ये ती मुळांसकट मातीवर पडलेली दिसतात. नव्या रोपांना पहिले तीन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी पाणी लागतं, पण ते झारीने रोपाच्या बुडाशीच. लॉनचा स्प्रिंकलर या वाफ्यावर येत असेल तर तो कोन आधी बदला. वरून भिजणाऱ्या पातींवर तपकिरी ठिपके येतात आणि खाली चटई सुकतच नाही. खत ५-१०-१० (अनुक्रमे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशचे टक्के) सारखं कमी नायट्रोजनचं, वसंताच्या सुरुवातीला आणि बहरानंतर महिन्याने, फक्त आळ्याच्या मातीत. गड्ड्याला दाणा लागू देऊ नका, थाइम-सीडमला तर टाकूच नका.

खोडकिड्याचं वेळापत्रक पाठ हवं, कारण ग्राउंड कव्हर इथेच आडवं येतं. पतंग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जुन्या, वाळक्या पातींवर अंडी घालतात. ती एप्रिल-मेमध्ये उबतात, अळी पातीत शिरते, आणि जुलैपर्यंत चार-पाच सेंटिमीटरची गुलाबीसर होऊन गड्डा पोखरते. म्हणून कडक थंडीनंतर सगळी वाळकी पात आणि भोवतीच्या चटईत अडकलेला कचरा मार्चअखेर पर्यंत निघालाच पाहिजे. थाइम-सीडमवरून हलका झाडू चालतो. फ्लॉक्सच्या जाळ्यातून तो कचरा निघत नाही. मेमध्ये पातीची कड कुरतडलेली किंवा आतून पाणचट रेघ दिसली तर रेघेच्या खालच्या टोकाशी पात चिमटीत जोराने दाबा, अळी आतच मरते.

तीन ते पाच वर्षांनी आयरिस विभागायचेच असतात. जुलैच्या शेवटी, आदल्या दिवशी पाणी देऊन, सीडम गुंडाळून बाजूला सावलीत ठेवा, थाइम फावड्याने २० सेंटिमीटरच्या चौकोनात चार-पाच सेंटिमीटर मातीसकट उचला. गड्डे काढून, मातीत दोन बोटं कंपोस्ट मिसळून, नवे गड्डे पंखे बाहेरच्या बाजूला करून तीन-तीनच्या त्रिकोणात बसवा. मगच चटई परत ठेवा, आणि ठेवताना आळं पुन्हा मोजून घ्या, कारण उरलेले चौकोन रिकाम्या आळ्यात भरण्याचा मोह तेव्हाच होतो. उरलं ते शेजाऱ्याला द्या.